वाड्यावरच्या घरांना पोटभर मिळावं म्हणून पैसा कसा उभारायचा: गोव्यातल्या छोट्या गटांसाठी

गोव्यात कुणी उपाशी राहतं असं म्हटलं की पटत नाही लोकांना. पण जून ते ऑगस्ट हे तीन महिने नीट बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले, बांधकामं मंदावलेली, हॉटेलांत कामगार कमी केलेले, आणि वर बेळगावहून घाटातून येणारी भाजी पावसात महागलेली. ज्या घरात मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला पैसे असतात त्यांचं निभतं, सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, कांदे, कडधान्य सगळं घरात येऊन पडलेलं असतं. ज्यांच्याकडे तेव्हाच पैसे नसतात त्यांच्या ताटात जुलैमध्ये रेशनचा भात असतो आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा काहीच नसतं, म्हणजे पोट भरतं पण डाळ नाही, अंडं नाही, मासळी तर नाहीच.

यावर काहीतरी करायचं असं बऱ्याच गावांत लोकांच्या मनात असतं, महिला मंडळ असतं, क्लब असतो, देवस्थान समिती असते, चर्चचा गट असतो, आणि मग गाडी एकाच ठिकाणी अडते की पैसे कोण देणार. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे देणारे आहेत, पण प्रत्येकाची थैली वेगळ्या खर्चासाठी उघडते. कुणी फक्त वस्तू घेऊन देतो, कुणी फक्त बांधकामाला देतो, कुणाला तीन वर्षांचे हिशेब लागतात, कुणी महिन्याला हजार रुपये विनाचौकशी देतो. आपण सगळ्यांकडे एकच मोठा आकडा घेऊन जातो म्हणून नकार येतो. खर्चाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा त्याच्या योग्य माणसाकडे न्यायचा, एवढं जमलं तर दीड लाखाचं काम छोट्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीवरसुद्धा उभं राहतं.

आधी घरं, मग आकडा

अर्ज लिहायला बसण्याआधी यादी करा, आणि ती पंचाच्या घरी बसून करू नका. अंगणवाडी सेविकेला विचारा, आरोग्य केंद्राच्या नर्सबाईला विचारा, पसरकाराला (किराणा दुकानदाराला) विचारा की कुणाची उधारीची वही फुगत चाललीय, पोदेराला (पाववाल्याला) विचारा की कुठल्या घराने पाव घेणं बंद केलंय. ही माणसं रोज दारात जातात, त्यांना सगळं माहीत असतं, फक्त नावं चारचौघांत घेऊ नका.

यादीत साधारण कोण येतात: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, मुलं लहान असलेल्या विधवा, दिव्यांग माणूस असलेलं घर, टीबीचा पेशंट असलेलं घर, डोंगरावरचे धनगर वाडे, आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे बाहेरून आलेले कामगार. या शेवटच्यांना यादीतून सोडायची आपल्याकडे सवय आहे, मला ती मुळीच मान्य नाही. कुटबण किंवा मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवर राबणारा ओडिशा-झारखंडचा माणूस, आपल्या घराची स्लॅब घालणारं कर्नाटकातलं कुटुंब, यांची मुलं आपल्याच अंगणवाडीत येतात.

प्रत्येक घरी बसून प्रश्न विचारा, पण «तुम्ही गरीब आहात का» असा नाही. जगभर यासाठी एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेची, आठ प्रश्नांची पद्धत वापरतात, तिचा रोख असा की गेल्या काही महिन्यांत पैसे नसल्यामुळे एखादं जेवण सोडावं लागलं का, एकाच तऱ्हेचं खाऊन दिवस काढले का, घरातलं धान्य संपलं का, भूक असून खाल्लं नाही असं झालं का, अख्खा दिवस न जेवता गेला का. तेच आठ प्रश्न सहा महिन्यांनी परत विचारायचे, म्हणजे फरक पडला की नाही ते कागदावर दिसतं, आणि देणाऱ्याला दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचं अंगणवाडीत वजन होतंच, शिवाय दंडाची पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर काळजी करायची आणि ११.५ च्या खाली असेल तर डाळ-तेलाचं किट-बिट बाजूला ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं.

जे हक्काचं आहे ते आधी घरात आणा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच आहे. साधं गणित बघा. तुम्ही धडपड करून एका घराला तीन महिने ८५० रुपयांचं किट दिलंत तर वर्षाचे २,५५० रुपये झाले. त्याच घरातल्या आजीची बंद पडलेली दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन सुरू करून दिलीत तर महिन्याला २,००० म्हणजे वर्षाला २४,०००, आणि त्यासाठी कुणाकडे हात पसरायचा नाही. ती बंद पडण्याचं कारण बरेचदा एवढंच असतं की हयातीचा दाखला दिलेला नाही कारण आजीला बसमधून नेणारं कुणी नव्हतं. एका माणसाने स्कूटर घेऊन चार दिवस हेच काम करावं, खरंच.

काय काय तपासायचं ते सांगतो. रेशन कार्ड कुठलं आहे बघा: २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पण गोव्यात या कायद्याखाली सुमारे ५.३२ लाख माणसांचीच मर्यादा ठरलेली आहे, म्हणून गरजेचं घर बाहेर राहिलेलं असू शकतं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं किंवा नवीन बाळाचं नाव चढलेलं नसतं, ई-केवायसी राहिलेलं असतं. हे नागरी पुरवठा खात्याच्या तालुका ऑफिसात निस्तरता येतं. मग गृह आधार, गृहिणींसाठीची राज्य सरकारची योजना, महिन्याला १,५००. टीबीच्या पेशंटला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषणाचे महिन्याला १,०००, नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम दुप्पट झालीय.

दयानंद आणि गृह आधारसाठी गोव्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो त्यामुळे बाहेरून आलेल्या घरांना त्या मिळत नाहीत. पण रेशन मिळतं! वन नेशन वन रेशन कार्डामुळे त्यांच्या गावच्या कार्डावरचं धान्य इथल्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून उचलता येतं, आणि गावी राहिलेली आई तिचा वाटा तिकडे घेऊ शकते. कितीतरी कामगारांना हे ठाऊकच नसतं, आणि दुकानदार «तुमचं कार्ड इथलं नाही» म्हणून परत पाठवतो तेव्हा ते गप्प निघून जातात. सोबत एक माणूस गेला की काम होतं. बांधकाम कामगार असेल तर कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का तेही बघा, बांधकामावर जो सेस घेतला जातो तो त्यांच्याचसाठी आहे.

हे सगळं करून झालं की काही घरं यादीतून आपोआप कमी होतील, काही घरांना फक्त डाळ-तेल-अंड्यांची मदत लागेल. आता आकडा काढायचा.

आकडा असा काढा

समजा ४० घरं उरली आणि पावसाचे तीन महिने धरायचे. तांदूळ रेशनचा येतोय म्हणून तांदूळ विकत घ्यायचा नाही, पैसे ज्यात कमी पडतात त्यात घालायचे. एका घराचं महिन्याचं किट, भाव आपापल्या बाजारचे घाला, मी अंदाजाने धरतो: तूरडाळ २ किलो ३००, तेल १ लिटर १५०, अंडी ३० नग २१०, चवळी १ किलो १३०, गूळ अर्धा किलो ४०, पिशवी २०. झाले ८५०. तेल सीलबंदच घ्या, सुटं तेल विकायला बंदी आहे आणि भेसळीचा धोका आपल्या नावावर नको.

४० घरं, महिन्याला ३४,०००, तीन महिन्यांचे १,०२,०००. धान्य ठेवायला पत्र्याची पिंपं, रॅक आणि वजनकाटा १८,०००, पावसात जमिनीवर पोती ठेवलीत तर बुरशी ठरलेलीच. टेम्पो महिन्याला २,५०० म्हणजे ७,५००. छपाई, हिशेब, झेरॉक्स ५,०००. बेरीज १,३२,५००. भाव वाढतील म्हणून वर ६,५०० ठेवा, म्हणजे १,३९,०००.

आता हा १,३९,००० चा आकडा कुणालाच सांगायचा नाही. पिंपं-रॅक-काटा हा एकदाचा खर्च, वस्तू दिसते, त्यावर नाव लिहिता येतं, त्यामुळे तो एखादा दुकानदार, क्लब किंवा पंचायत पटकन उचलते. टेम्पो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पैसे मागायचेच नाहीत, महिन्यातून एक फेरी मागायची. आणि किटसाठी «एका घराचे महिन्याचे ८५०» असं सांगून ४० माणसं शोधायची. ८५० ला हो म्हणणारी माणसं गावात असतात, नोकरीवर असलेली, मुंबईला असलेली, चवथीला घरी येणारी. लाखभर द्या म्हटलं की तीच माणसं फोन उचलत नाहीत. फक्त कुठलं घर कुणाच्या पैशावर चाललंय हे देणाऱ्याला कधीही कळू देऊ नका, नाहीतर उद्या तो रस्त्यात त्या बाईला ऐकवेल.

पैसे कुणाच्या नावावर

कुणा एकाच्या जीपेवर पैसे गोळा करायचे नाहीत, माणूस कितीही सज्जन असला तरी. पहिल्या वर्षी नवीन संस्था काढायची घाई नको, गावात आधीपासून नोंदणी असलेली संस्था शोधा, तिच्या ठरावाने या कामासाठी वेगळं खातं उघडा, दोन सह्या ठेवा आणि त्यातली एक बाईची असू द्या. पुढे स्वतःची करायची झाली तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, मग पॅन, मग आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत), मग एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंद. ८०जीने गावातले देणगीदार वाढतील असं फार धरू नका, नव्या कररचनेत त्यांना ती सवलत मिळतच नाही, पण कंपनीचे पैसे पाहिजेत तर ती लागतेच. आणि २,००० च्या वर रोख देणगीवर ८०जी चालत नाही, तेव्हा चेक किंवा बँकेतूनच घ्या.

आता गोव्याचा खास प्रश्न, लंडन-स्विंडनच्या मंडळींचे, म्हणजे इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांचे पैसे. पोरं मनापासून द्यायला तयार असतात. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट केलाय तो कायद्याने परदेशी नागरिक, ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाचं) कार्ड असलं तरी, आणि त्याची देणगी एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली परवानगी नसलेल्या संस्थेला घेता येत नाही, तो गोव्यात सुटीवर आला आणि रुपयांत दिली तरीसुद्धा नाही. दुबई-कुवेतला असलेला भारतीय पासपोर्टवाला मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. म्हणून देणगी घेताना पासपोर्ट कुठला ते सरळ विचारा, यात लाजायचं काही नाही. त्याच्या भावाच्या खात्यातून फिरवून घेऊ असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, एफसीआरए मोडल्यावर संस्था आणि पदाधिकारी दोघेही अडकतात. त्याला सांगा की तुझ्या मावशीला, काकाला तू घरचा म्हणून जरूर पाठव, तेवढंच यादीतलं एक घर सुटेल.

मोठ्या थैल्या: पंचायत, खनिज निधी, कंपन्या

पंचायतीत ग्रामसभेतून जा. गावचा विकास आराखडा दरवर्षी बनतो, त्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते, त्या काळातल्या ग्रामसभेला रविवारी सकाळी दहा-पंधरा बायकांनी लेखी ठराव घेऊन जायचं आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. सचिव म्हणतील की हा पंचायतीचा विषय नाही. तेव्हा शांतपणे सांगा की राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांत महिला-बालविकास आहे, समाजकल्याण आहे आणि सार्वजनिक वितरण व्यवस्थासुद्धा आहे. मागायचं काय, तर जागा, शेड, नळ, रॅक, अंगणवाडीच्या मागे परसबागेला कुंपण. महिन्याची डाळ तिथे मागू नका. आमदार-खासदार निधीचंही तेच, खासदार निधीतून टिकाऊ मालमत्ता होते, रोजचा खर्च नाही. स्वयंपूर्ण गोवा कार्यक्रमात प्रत्येक पंचायतीला स्वयंपूर्ण मित्र नेमलेला असतो, त्याला भेटा, तो सरकारी अधिकारीच असतो त्यामुळे कुठल्या खात्यात कुठली योजना पडून आहे ते त्याला कळतं.

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे इथल्या खाण भागातल्या गावांनी जिल्हा खनिज निधी विसरूच नये. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर खाणमालकांना यात पैसे भरावे लागतात आणि ते खाणबाधित लोकांसाठीच खर्च व्हायला हवेत, महिला-बालकल्याण, वृद्ध आणि दिव्यांगांचं कल्याण हे त्यातले प्राधान्याचे विषय. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून. आदिवासी वाडे असतील, म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप, तर आदिवासी कल्याण खातं आणि पणजीचं नाबार्ड ऑफिस, तिथे फळझाडांच्या वाडीसाठी निधी असतो. बचत गट असेल तर ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा तालुक्याचा माणूस गाठा. भाजी, कंद, खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या) भाताचं बी-बियाणं याच्या सल्ल्यासाठी जुन्या गोव्यात एला इथली आयसीएआरची, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची, संस्था आहे, खाऱ्या पाण्याला टिकणारी गोवा धान ही वाणं त्यांचीच.

कंपन्यांचं गणित असं की २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी आहे त्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावे लागतात. त्या यादीतला अगदी पहिला विषयच भूक आणि कुपोषण हटवणं हा आहे, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही कायदा सांगतो. वेर्णा-कुंडईच्या वसाहतीतल्या फार्मा कंपन्या, वास्कोत गोवा शिपयार्डसारखी सरकारी कंपनी, यांच्या दारात तुमचं गाव आहे हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा. पण संस्थेला १२ए, ८०जी, सीएसआर-१ (कंपन्यांचे असे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून नवीन गटाने अशा जुन्या संस्थेला बरोबर घ्यावं आणि कोण काय करणार, पैसे कधी येणार ते कागदावर लिहून घ्यावं. तोंडी ठरवलंत तर नंतर भांडणं होतात.

अर्ज आणि वाटप

अर्ज एका पानाचा. पहिल्या ओळीत मागणी लिहा: «आम्हाला ४० घरांसाठी धान्य साठवायला चार पिंपं, एक रॅक आणि एक काटा पाहिजे, खर्च १८,०००». मग कुठला वाडा, किती घरं, किती मुलं, आठ प्रश्नांची उत्तरं काय आली, बाकीचा खर्च कोण देतंय. हे शेवटचं नक्की लिहा, दुसऱ्या कुणीतरी आधीच दिलंय हे दिसलं की तिसऱ्याचा हात सैल होतो. दोन दुकानांची कोटेशनं जोडा, ठरावाची प्रत जोडा, आणि पोचवल्यावर आवक नंबर घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

शिजवलेलं अन्न देणार असाल, किंवा कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांतलं उरलेलं आणणार असाल, तर आधी एफडीएकडे, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाकडे, फूड सेफ्टीची नोंदणी. उरलेल्या अन्नासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत. गोव्याच्या दमट हवेत भात-बिर्याणी तासा-दोन तासांत बिघडायला लागते, तेव्हा गरम डबे, गाडी आणि रोज हजर राहणारी दोन माणसं असल्याशिवाय यात पडू नये असं माझं स्पष्ट मत. कोरडं किट सोपं आणि सुरक्षित.

वाटप रांग लावून नाही. स्टेजवर नाही. आमदाराच्या हस्ते नाही. बायका आपल्या सोयीने दुपारी येऊन घेऊन जातील अशी जागा ठेवा, ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी पोचवा, पिशवी साधी कापडी, वर काही छापलेलं नको. देणाऱ्याला फोटो हवाच असतो, त्याला भरलेल्या पिंपांचा द्या, वजन करणाऱ्या हातांचा द्या, बिलांचा द्या, पण पिशवी धरून उभ्या असलेल्या विधवेचा देऊ नका. हे आधीच सांगून टाका, आणि तेवढ्यावरून पैसे नाकारणारा असेल तर त्याचे पैसे सोडून द्या.

हिशेब मात्र उघडा ठेवा. दर महिन्याच्या शेवटी एक कागद पंचायतीच्या नोटीस बोर्डावर: किती आले, किती गेले, किती किट, किती शिल्लक. घरांची नावं नाहीत, आकडे फक्त. बिलं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे, आणि ज्याच्याकडे फाइल त्याच्याकडे चेकबुक नाही.

वेळापत्रक बसवताना जूनपासून मागे मोजा. ठराव ऑक्टोबरमध्ये. घरांची यादी आणि पेन्शन-रेशनची कामं नोव्हेंबर ते जानेवारी. कंपन्यांना फेब्रुवारीच्या आत भेटा कारण एप्रिलपासूनच्या वर्षाचं त्यांचं बजेट तेव्हा ठरत असतं. ८५० वाली माणसं मार्च-एप्रिलमध्ये गाठा. आणि डाळ-चवळीची खरेदी मे महिन्यात एकगठ्ठा करा, पावसाआधी भाव बरे असतात आणि माल कोरडा मिळतो. अंडी तेवढी दर महिन्याला ताजी.